पदरापासून पाच हात

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी जुईपाड्याच्या मिठागराची उघाडी उघडली नव्हती. दर साली कार्तिकी पुनवेच्या भरतीला सदू खांद्यावर फावडं टाकून बांधावर जायचा, उघाडीच्या फळ्या वर ओढायचा आणि खाडीचं पाणी फेसाळत आगरात शिरायचं. तिथून जेठ लागेपर्यंत घरातल्या कुणाला पाठ टेकायला सवड नसायची. यंदा फळ्या होत्या तशाच होत्या. आगराच्या मालकाचा माणूस सायकलवरून आला, एक पाय बांधावर टेकवून म्हणाला, "जागा शहराला गेली. शेठ यंदा मीठ काढीत नाही," आणि खाली न उतरता परत फिरला. सदू दोन दिवस रिकाम्या बांधावर जाऊन बसला. तिसऱ्या दिवसापासून तो घराच्या दारात बसायला लागला.

सन अठ्ठ्याहत्तर होतं. वाशीला इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांत माणसं राहायला आली होती, आणि सदूची बायको वेणूबाई त्या माणसांना चिंबोऱ्या विकत होती. ओहोटीला खाजणात उतरायचं, गुडघाभर चिखलात हात घालून बिळं धुंडाळायची, चिंबोरीच्या नांग्या सुतळीनं बांधायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन तासाभराची वाट चालायची. मिठानं तिच्या टाचांना पडलेल्या भेगांत आता चिखल भरत होता. आधी मीठ झोंबायचं, आता चिखल झोंबत होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या जयमालाबाई तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांनीच एका दुपारी चिंबोरी उलटी करून पोट दाबून बघता बघता विचारलं, "वेणूबाई, तुमची मुलगी किती शिकली म्हणालात?"

"सातवी पास हाय."

"आमच्या महिला मंडळाची बालवाडी सुरू होते आहे. बाई हवी आहे, सातवी चालेल. सोमवारी अकरा वाजता पाठवा तिला. आणि साडी नेसून येऊ दे. परकर-पोलक्यात लहान दिसेल."

वेणूबाई त्या दिवशी उरलेल्या दोन चिंबोऱ्या न विकताच घरी आली.

पुतळा सतरा वर्षांची होती. अंगानं काटक, बोलायला कमी. तिच्याकडे एकच गोष्ट अशी होती की जी पाड्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, ते म्हणजे तिचं अक्षर. आगराच्या मालकाला लिहायचा अर्ज, जमिनीच्या मोबदल्याचा अर्ज, कुणाच्या मुलाला कंपनीत चिकटवून घ्या म्हणून विनंती, सगळं पुतळा लिहायची. रेघा नसलेल्या कागदावरही तिची ओळ ताणलेल्या दोरीसारखी सरळ जायची. म्हातारी माणसं अंगठा उठवण्याआधी कागद हातात धरून उगाच बघत बसायची. वाचता कुणालाच यायचं नाही.

"सोमवारी जायाचा हाय," वेणूबाईनं सांगितलं.

पुतळानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आये, लुगरा नाय चालायचा. तिकरं सगल्या गोल पातल नेसतान. पाचवारी."

घरात पाचवारी नव्हतं. पाड्यातच कुणाकडे नव्हतं. आगरात वाकून काम करणाऱ्या बाईला नऊवारी लुगडं गुडघ्यावर घट्ट ओढून, मागे काष्टा खोचून नेसावं लागतं. पायघोळ पातळ नेसून मीठ ओढता येत नाही.

"पातल नाय तर नाय," वेणूबाई म्हणाली. "मी करतंय."

आणि ती करू शकत होती. जुन्या लुगड्याला दंड घालण्यात पाड्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मीठ कापड खातं. आगरातल्या बाईचं लुगडं दोन हंगामांत खालच्या अंगाला कडक होतं, तडकतं आणि विरतं. टोपल्या वाहणाऱ्या बाईचं पदराकडून जातं. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन लुगड्यांचे दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, हा दंड. जोडणारी पुष्कळ होती. पण वेणूबाईनं घातलेला दंड लुगडं उलटंपालटं करूनही चटकन सापडायचा नाही. दोरा ती विकतचा वापरायची नाही. त्याच लुगड्याच्या फाटक्या भागातून उभे धागे ओढून काढायची, ओल्या बोटांनी दोन धागे एकत्र पिळायची आणि त्यानंच शिवायची. रंगाला रंग मिळायचा. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि वर तांदळाच्या कणीएवढा टाका.

यापेक्षा मोठं कसब जागा धरण्याचं होतं. दंड कितीही बारीक असला तरी दंडच. तो नेसल्यावर दिसता कामा नये. वेणूबाईचा हिशेब ठरलेला होता. पदराच्या टोकापासून पाच हात मोजायचे. पाचव्या हाताला दंड टाकला की तो नेसताना बरोबर कमरेमागे जातो आणि वरून काष्ट्याची घडी चढते. बाई वाको, बसो, धावो, दंड काष्ट्याच्या पोटात. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं.

कापडाचा प्रश्न शेजारच्या जाईबाईनं सोडवला. चार वर्षांपूर्वी एका लग्नाला दोघींनी पनवेलच्या बाजारातून एकाच ताग्याचं अंजिरी लुगडं घेतलं होतं, तांबड्या काठाचं. वेणूबाईचं खालून गेलं होतं, पदराकडे धड होतं. जाईबाईनं आपलं ट्रंकेतून काढून आणलं आणि वेणूबाईच्या मांडीवर टाकलं.

"ने. टोपल्या वाहून पदराची चालन झालीय. खालचा अंग कोरा हाय."

"तुला नेसायला काय गो?"

"माजा काय, मी आता कुनाच्या लग्नात नाचतंय? पोरगी बाय झाली तं आमचे अर्ज फुकट लिवील."

"आता तरी काय इकत लिवतंय?" आतून पुतळा म्हणाली, आणि तिघी हसल्या.

शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी वेणूबाई खाजणातून आली की दाराशी उजेडाला बसायची. आपल्या लुगड्याचे पदराकडचे पाच हात तिनं कापून घेतले, जाईबाईच्या लुगड्याचे खालचे पाच हात. दहा हात, म्हणजे पाच वार. काठाला काठ असा लावला की तांबडी रेघ कुठेही मोडली नाही. चिखलानं तिच्या बोटांची कातडी सोलली होती आणि सुई ढकलताना रक्ताचा ठिपका कापडावर पडेल म्हणून ती बोटाला चिंधी बांधून शिवत होती.

शनिवारी पुतळा पाठीशी येऊन उभी राहिली. "आये, एकदा नेसून बगू?"

"अर्धा शिवलेला नेसतान काय? थांब."

"पाचवारीचा पदर मोठा सोरतान. खांद्यावरून खाली येतं ह्यवरा."

"मना शिकवतंय? तुज्या आजीच्या लुगऱ्यांना मी दंड घातलान. जा, पानी भर."

पुतळा पाणी भरायला गेली. शेवटचा टाका पडला तो रविवारी दिवे लागणीला. वेणूबाईनं पातळ धुतलं, दोरीवर टाकलं आणि रात्रभर वाऱ्यावर राहू दिलं.

सोमवारी ओहोटी सकाळी सहाला होती. वेणूबाईला त्याआधी निघायला हवं होतं, म्हणून पुतळा अंधारातच उठून नेसली. चिमणी कोनाड्यात होती. नेसायचं कसं हे पुतळानं शाळेतल्या बाईंना बघून ठेवलं होतं. निऱ्यांची खालची टोकं धरायला कुणीतरी लागतं, म्हणून वेणूबाई तिच्या पुढ्यात उकिडवी बसली. निऱ्या सारख्या करून तिनं वर बघितलं. तांबडा काठ पोरीच्या छातीवरून तिरका जाऊन खांद्यावर चढला होता. चिमणीच्या उजेडात पातळ दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं.

"बरी दिसतंय?" पुतळानं विचारलं.

"बाय दिसतंय," वेणूबाई म्हणाली आणि टोपली उचलून निघाली. मागे जाऊन तिनं बघितलं नाही. तिला बघायची गरजच वाटली नाही.

पुतळा निघेपर्यंत बसली नाही, चुण्या पडतील म्हणून. साडेनऊपर्यंत ती खांबाला पाठ लावून उभी होती. निघाली तेव्हा सदू दारात होता. पाड्यातून जाताना तिला आठ-दहा बायका भेटल्या. जाईबाई तर हात पुसत मागून आली, पाठीमागून पातळ चिमटीत धरून तिनं बघितलं आणि म्हणाली, "काय टाका हाय गो तुज्या आवशीचा! बगा गो, दंड बगा." सगळ्यांनी बघितलं. त्या सगळ्यांच्याच अंगावर दंडाची लुगडी होती.

दुपारी साडेअकराच्या सुमाराला वेणूबाई टोपली घेऊन इमारतींच्या रस्त्यानं आली. बालवाडी तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या गाळ्यात होती. शटर पूर्ण वर होतं, ऊन आतपर्यंत गेलं होतं. पोरीला आपल्या टोपलीपायी खाली बघायला लागू नये म्हणून वेणूबाई रस्त्याच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला थांबली. तिथून तिला आतलं स्पष्ट दिसत होतं. टेबलामागे चार बायका बसल्या होत्या. कडेच्या जयमालाबाई. पुतळा समोर उभी होती, हात पुढे बांधून. काहीतरी बोलत होती. बायका माना डोलावत होत्या. एक जण हसून काही म्हणाली, चांगल्या अर्थानं हसली असावी, कारण पुतळाही हसली. मग त्या बाईनं भिंतीवरच्या फळ्याकडे हात केला. पुतळानं खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड करून वळली.

ऊन तिच्या पाठीवर पडलं.

कमरेपासून टाचेपर्यंत, सरळ, मधोमध, दंड. आणि दंडाच्या एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा. वेणूबाईचा तुकडा चार वर्षं खाडीच्या पाण्यात धुऊन, आगराच्या उन्हात वाळून कांद्याच्या सालीवर आला होता. जाईबाईचा नेसताना आत दडून आणि मग ट्रंकेत पडून अंजिरीच राहिला होता. दाराशी, सावलीत, चिमणीच्या उजेडात दोन्ही एक वाटले होते. उन्हात ती दोन कापडं होती.

टेबलामागच्या एका बाईनं शेजारणीला कोपर लावलं आणि बोट हवेत वरून खाली ओढून दाखवलं. शेजारणीनं रुमाल तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. तिसरीही हसली. जयमालाबाई तेवढ्या कागदात बघत राहिल्या. पुतळाचा हात फळ्यावर थांबला. तिनं मान वळवून बघितलं, तेव्हा तिघी जणी सावरून बसल्या होत्या, पण हसू अजून चेहऱ्यांवर होतं. पुतळानं फळ्याकडे बघितलं, लिहिलेल्याकडे. मग हातानंच एक अक्षर पुसलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा हसू आलं.

वेणूबाईनं उभ्या उभ्या मनात मोजलं. पदर खांद्यावरून खाली सोडला, दोन हात. छातीवरून कमरेला आला, साडेतीन. पाठीमागे वळला, पाच. आणि पाचवारीला काष्टा नाही. वर चढायला काही नाही.

ती पलीकडे जाऊ शकली असती. गाळ्याच्या दारात जाऊन म्हणू शकली असती, बायांनो, चूक माजी हाय, पोरीची नाय. टोपलीत चिंबोऱ्या एकमेकींवर चढत कुरकुर वाजत होत्या. वेणूबाई मागच्या गल्लीत शिरली आणि कुणाच्याही दारात न जाता बराच वेळ चालत राहिली.

परतीच्या वाटेवर मोठ्या रस्त्याच्या कडेला तिला पुढे पुतळा दिसली. दोन शेतांचं अंतर असेल. वेणूबाईनं पाय झपझप उचलले नाहीत, हाकही मारली नाही. सगळी वाट ती पोरीच्या पाठीमागून चालली. प्रत्येक पावलाला दंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलत होता. टाका कुठेही ओढला गेला नव्हता. कुठेही सुरकुती नव्हती. असा दंड तिच्या हातून पुन्हा पडला नसता.

घरी पोचली तेव्हा पुतळा पातळ सोडून परकरात चुलीपुढे बसली होती. पातळाची घडी करून तिनं ट्रंकेत ठेवली होती. फुंकणी हातात होती, पण ती फुंकत नव्हती.

"काय बोलल्या?" वेणूबाईनं विचारलं.

"कलवतान बोलल्या." फुंकणीचं टोक राखेत फिरवत ती म्हणाली, "आये, सगला बरा चालला व्हता. गाना म्हनायला लावला, म्हनला. गोष्ट सांगली. मंग फल्यावर लिवायला लावला नि हासायला लागल्या."

वेणूबाई टोपलीतल्या चिंबोऱ्या मोजल्यासारखं करत राहिली.

"मना वाटला, कायतरी चुकला. पुसून परत लिवला. तरी हासल्या." पुतळानं फुंकणी खाली ठेवली. "हितं पाऱ्यात कुनाला वाचायला येतं? तुमी सगले चांगला बोलता, मना वाटला चांगला हाय. तिकरं ज्याला कलतं त्यानं बगितला नि हासला. माजा अक्षर वाईट हाय, आये."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं, आणि ते वेणूबाईच्या तोंडात तयार होतं. दारातून सदू खोकला. वेणूबाईला गाळ्यातली बाई हवेत बोट ओढताना दिसली. तिची आई दिसली, मांडीवर लुगडं घेऊन पाच हात मोजून दाखवणारी. पाड्यातल्या सगळ्या बायका दिसल्या, ज्यांच्या काष्ट्यांत तिनं घातलेले दंड होते.

"चूल पेटव," ती म्हणाली. "बापूस भुकेला हाय."

बोलावणं आलं नाही. दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं. आठ दिवसांनी जाईबाई कागद घेऊन आली, तेव्हा पुतळा म्हणाली, "मावशे, दुसऱ्याकून लिवून घे. माज्या अक्षराला लोक हासतान." जाईबाईला थट्टा वाटली. ती दोनदा हसून परत गेली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही. पौषात तुर्भ्याच्या एका कारखान्यात राखणदार घेणार असं कळलं. सदूनं पोरीपुढे कागद ठेवला. "लिव गो. चार वली." पुतळानं कागद उचलून परत बापाच्या हातात दिला. सदू तो कागद बंडीच्या खिशात घेऊन बरेच दिवस फिरला. लिहून देणारा मिळाला तोवर जागा भरली होती. मग तो रेतीच्या होड्या रिकाम्या करायला जायला लागला, वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून.

माघात जयमालाबाईंनी जिन्यावरच वेणूबाईला गाठलं.

"बालवाडीवर नेमलेल्या बाई सोडून गेल्या. तुमच्या मुलीला पाठवा. मी मंडळात बोलले आहे." त्या जरा थांबल्या. "काय सुंदर अक्षर हो तिचं! छापल्यासारखं. मी दोन दिवस तो फळा पुसू दिला नाही." मग टोपलीकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी जे झालं ते… बायका कशालाही हसतात, वेणूबाई. मनाला लावून घेऊ नका."

"नाय, नाय," वेणूबाई म्हणाली.

वाटेत तिनं मनाशी चारदा जुळवलं. अक्षर चांगलं होतं हे सांगितलं की पोर विचारणार, मग हसल्या कशाला. आणि त्याच्यापुढे उत्तर एकच होतं. इतक्या दिवसांनी ते आणखीच जड झालं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक फक्त दंडाची होती. आता त्यात दोन महिन्यांचं गप्प राहणं मिळालं होतं, सदूचा कोरा कागद मिळाला होता.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बालवारीत परत बोलवलाय तुला."

"नाय जायाची."

"बाय सोता बोलली."

"परत फल्यावर लिवायला लावतीन." पुतळा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "नि तू सारका सारका नको सांगू, आये. मना ठावं हाय माजा काय हाय ते."

वेणूबाईनं सारखं सारखं सांगितलं नव्हतं. एकदाच, तेही अर्धं.

वैशाखात पुतळाचं लग्न झालं. नवरा भगवान दिघ्याचा, एका कारखान्यात हेल्पर. माणूस सरळ होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत आगरात मातीचे ट्रक रिकामे व्हायला लागले. आधी उघाडी बुजली, मग बांध बुजला आणि सदू पावसात उगाच तिकडे बघत म्हणायचा, पाणी आता कुठनं येणार. रेतीच्या पाण्यानं त्याचे सांधे गेले आणि तो गेला सन चौऱ्याऐंशीत. वेणूबाईच्या डोळ्यांवर सारा चढला, सगळं धुकट दिसायला लागलं. दंड घालायला आता कुणी येतही नव्हतं. पाड्यातल्या तरण्या सुना पाचवारी नेसायला लागल्या होत्या, पॉलिएस्टरची. ती विरत नाहीत.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात पुतळा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. बरोबर सात वर्षांची सरस्वती होती, दुसरीत जाणारी. बाळासाठी गोधडी शिवायची म्हणून वेणूबाईनं ट्रंक उपसून जुनेराचा ढीग दाराशी उजेडात केला. सदूची धोतरं, स्वतःची लुगडी, जाईबाईच्या सुनेनं दिलेली दोन पातळं. पुतळा पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली होती आणि तुकडे सारखे करून एकमेकांवर पसरत होती. त्या कामात दोघींना बोलावं लागत नव्हतं. एकीनं कोपरा धरला की दुसरी समोरचा ओढायची.

सरस्वती पाटी घेऊन आली. "आये, 'ज्ञ' कारून दे ना. बाईंनी दहा वेला लिवायला सांगलाय."

"बापाला इचार, गेल्यावर."

"बापाला नाय येत. तू कार ना."

"मना नाय लिवायला येत," पुतळा म्हणाली. ती सहज म्हणाली, आवाज न चढवता, पाड्यातली कुठलीही बाई म्हणेल तशी. पोरगी पाटी घेऊन बाहेर गेली.

वेणूबाईचा हात ढिगात होता. बोटांखाली एक घडी आली. मऊ, नऊ वर्षं न हललेली. डोळ्यांना नुसता जांभळट गोळा दिसत होता, पण तांबड्या काठाची वीण तिच्या बोटांनी ओळखली.

"पुतले," ती म्हणाली.

"काय गो?"

"त्या बाया तुज्या अक्षराला हासल्या नव्हत्या."

पुतळाचे हात थांबले. कुठल्या बाया, असं तिनं विचारलं नाही.

"पातलाला हासल्या. दंड मागं उघरा परला व्हता, कमरेपासून खाली. मी लुगऱ्याचा माप धरला. पाचवारीला काष्टा नसतं, माज्या ध्यानात आयला नाय. मी समोर व्हती. टाकीच्या मागं. मी बगितला."

बाहेर सरस्वती पाटी थुंकीनं पुसत होती, त्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

"मंग माजा अक्षर चांगला व्हता?" पुतळानं विचारलं.

"चांगला व्हता. जयमालाबाय बोलली, छापल्यावानी. दोन दिवस फला पुसू दिला नाय तिनं."

"कवा बोलली?"

वेणूबाईनं घडी मांडीवर घेतली. ती उलगडायला तिला वेळ लागला.

"कवा बोलली, आये?"

"तवाच. माघात. परत बोलवला व्हता तवा."

वेणूबाईला पुतळाचा चेहरा दिसत नव्हता, नुसता भिंतीला टेकलेला आकार दिसत होता. मग पुतळानं पुढे होऊन पातळाचं एक टोक ओढून घेतलं, दाराच्या उन्हात धरलं आणि मधल्या शिवणीवरून एकदा वरून खाली बघितलं.

"कापर गेलाय," ती म्हणाली. "दोन्हीकरचा गेलाय. दंड तेवरा धर हाय."

"गोधरीत घालू नको तो."

"कशाला नको? घालायचाय." तिनं सुई घेतली आणि टोकानं टाका उचलायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. सुई वरून घसरत होती. चौथ्या वेळी तिनं सुई खाली ठेवली आणि पातळ आईच्या मांडीवर सरकवलं.

"उसव," ती म्हणाली. "तुजे टाके मना नाय गावत."

ती हाताचा रेटा देऊन उठली आणि बाहेर गेली. पोरीला काहीतरी विचारताना तिचा आवाज ऐकू आला, पण काय विचारलं ते कळलं नाही. पाटी पुसण्याचा आवाज थांबला होता.

वेणूबाईनं पदराचं टोक शोधलं. कोपरापासून बोटापर्यंत तिनं हात लावत नेला, एक, दोन, तीन. पाचव्या हाताला तिची बोटं थांबली. दंड तिथेच होता. तिनं नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग डोळ्यांशी नेऊन फिरवलं. टाका काही हाताला लागेना.